जित्या माणसाचं नाव

रंगनाथनं बर्फीचा पुडा माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाला, "नाव ठरलं आक्का. चांगुना." माळीवाड्याच्या एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात आम्ही बसलो होतो. पारनेरकडून तो नगरला बाजाराला आला की मला दवाखान्यात निरोप धाडतो, मी ड्यूटी संपवून येते, आम्ही एकेक चहा घेतो आणि आपापल्या वाटेला लागतो. आमचं बहीणभावाचं नातं इतक्या वर्षांत या टेबलाच्या पलीकडं कधी गेलेलं नाही. दोन मुलांच्या पाठीवर त्याला मुलगी झाली होती. भटजीनं 'र' अक्षर सांगितलं होतं, पण आई हट्टाला पेटली, चांगुनाच ठेवायचं म्हणाली, असं तो कौतुकानं सांगत होता. त्याचा चेहरा इतका खुलला होता की मलाही क्षणभर वाटलं, माझं नाव लेकीला ठेवतोय, केवढा हा मान. मी बर्फीचा तुकडा मोडला. मग त्यानं, आपण काय बोलतोय याचं भान नसलेल्या भल्या माणसानं बोलावं तसं, पुढचं बोलून टाकलं. "आपल्यात गेलेल्या मान्साचंच नाव ठिवत्यात न्हवं का, तवा आई म्हनली..." आणि तिथं त्याची जीभ अडखळली. त्यानं बशी उचलली, बशीत चहा नव्हता, तरी ती तोंडाला लावली. मी बर्फी गिळली. ती घशातून खाली जाताना मला स्पष्ट कळली, म्हणजे घसा चालू होता.

मी नर्स आहे. माणूस आहे की गेलं, हे ओळखणं माझं रोजचं काम आहे. टेबलाखाली मी माझ्याच मनगटावर बोटं ठेवली. नाडी होती, चांगली ठणठणीत होती, रागानं जरा जोरातच पळत होती. समोर माझा धाकटा भाऊ मान खाली घालून बसला होता आणि मला त्याचा राग येत नव्हता, हेच मला जास्त झोंबत होतं. तो जन्मला तेव्हा मी घरात नव्हते. त्याला मी बहीण म्हणून सापडले ती तो मोठा झाल्यावर, लोकांनी सांगितल्यावरून, आणि तेव्हापासून बिचारा चोरून भेटायला येतो. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि त्याला सख्खी बहीण मी एकटी. पण बारशाला ये असं तो म्हणाला नाही. मालनबाई येणार आहे, म्हणाला. मालनबाई आमची चुलत बहीण, ती सांगेल नाव. म्हणजे नावही गेलं, नाव सांगायचा हक्कही गेला, आणि वर मला बर्फी. मी उरलेला पुडा उचलून पिशवीत टाकला. आपल्या मरणाची बर्फी कुणी टाकून देतं का?

घरी सरळ वाटेनं गेले नाही. कापडबाजारातून रेंगाळत गेले, दुकानांवरच्या पाट्या वाचत, आणि मनात मोजदाद चालली होती की मला कोण काय म्हणतं. दवाखान्यात मी सिस्टर. नवऱ्याची दीना. चर्चच्या मंडळीतल्या बायकांची दीनाबाई, मुलाची आई, भावाची आक्का. हाका मारणारी तोंडं पुष्कळ, पण चांगुणा म्हणणारं जगात एकच तोंड होतं. संध्याकाळी आई खळ्याच्या कडेला उभी राहून हाक मारायची, "चांगुनेऽऽ", आणि शेवटचा सूर लांबत लांबत ओढ्यापलीकडं जायचा. मी बाजरीच्या कडब्याआड बसलेली असायची. पहिल्या हाकेला मी कधीच ओ दिली नाही. ती हाक इतकी गोड लागायची की पुन्हा ऐकावीशी वाटायची, मग दुसरी यायची, मग रागावलेली तिसरी, आणि तिसरीला मी ओ द्यायची. पाठीत धपाटा बसायचा. मला वाटतं, माणसाच्या नावाचा खरा अर्थ तेवढाच असतो, कुणाला ते किती लांबवावंसं वाटतं तेवढा.

मग पायाच्या हाडात पू झाला. वडिलांनी बैलगाडीत गवतावर निजवून नगरला आणलं आणि मडमबाईंच्या दवाखान्यात ठेवलं. वर्ष गेलं, अधिकच गेलं. मोठ्या मडमबाई रोज खाटेशी यायच्या, ताप बघायच्या आणि नाव घ्यायचा प्रयत्न करायच्या. ण त्यांना येत नव्हता, पण तो आमच्या घरातही कुणाला येत नव्हता, आई चांगुनाच म्हणायची. च मात्र आईचा अस्सल होता, दातांना जीभ टेकून सुटलेला, चांदण्यातला च. मडमबाईंच्या तोंडी तो चहातला च होऊन यायचा. खाटांवरच्या बायका तोंडाला पदर लावायच्या, मडमबाई स्वतःही हसायच्या, पुन्हा म्हणून बघायच्या. शेवटी एक दिवस त्यांनी विचारलं, मी तुला डीना म्हणू का? द पण त्यांना येत नव्हता. मी मान हलवली. ज्या बाईनं माझा पाय वाचवला तिनं नाव मागितलं, मी दिलं, त्यात विचार करण्यासारखं काय होतं? ते नाव मग दवाखान्यातल्या सगळ्यांनी आपापल्या जिभेवर बसवून घेतलं, आणि पुढं तिथंच राहून, शिकून सवरून, जाणतेपणी, मी बाप्तिस्मा घेतला तो त्याच नावानं. मला कुणी फसवलं नाही की ओढून नेलं नाही, हे ज्याला त्याला सांगून मी दमले आहे. पाणी डोक्यावर पडलं तेव्हा मला आनंद झाला होता. तो आनंद आजही तसाच आहे आणि मी तो कुणाला परत करणार नाही. त्यानंतर आठवड्याभरात गावाकडचा एक माणूस औषधाला आला आणि जाता जाता सांगून गेला, तुझ्या आईनं तुझ्या नावानं आंघोळ केली. इकडं माझ्या डोक्यावर पाणी पडलं आणि तिकडं आईच्या. दोन्ही एकाच पोरीसाठी.

माझे यजमान शांतवन शाळेत शिकवतात आणि त्यांना नावांचं वेड आहे. कोणतंही नाव दिसलं की त्याची मुळं खणत बसायची. आमच्या मुलाचं नाव फिलिप, म्हणजे ग्रीक भाषेत घोड्यांवर प्रेम करणारा. पुण्याला कॉलेजात आहे आणि त्याला अजून धड सायकल येत नाही. मरियमच्या अर्थावरून विद्वानांची भांडणं आहेत, कुणी म्हणतं कडू, कुणी म्हणतं लाडकी, असं ते सांगतात तेव्हा मी म्हणते, दोन्ही एकाच बाईला लागू पडतं, भांडायचं कशाला? लग्न झालं तेव्हा त्यांनी मला पहिली भेट दिली ती माझ्या नावाच्या अर्थाची. गावाकडं दीना म्हटलं की लोकांना दीनवाणी बाई आठवते. मला ते फार लागायचं. हिब्रूत तसं नाही, ते म्हणाले, तिथं दीना म्हणजे जिचा न्याय झाला ती. रंगनाथ भेटला त्या संध्याकाळी मी त्यांच्यापुढं बर्फी ठेवली आणि सगळं सांगितलं. न्याय झाला म्हणता ना, मग हा कसला न्याय, असंही विचारलं. त्यांनी बर्फी खाल्ली नाही. चष्मा पुसत म्हणाले, "दीना, तुला नाव परत पाहिजे की आई?"

"दोन्ही," मी म्हणाले. "मी का एकावर भागवू?"

ते हसले, आणि मलाही जरा बरं वाटलं. पण त्या आठवड्यात मी वॉर्डमध्ये नीट नव्हते. बाळंतिणींच्या खाटांवरून फिरताना पाळण्यातल्या प्रत्येक मुलीकडं बघून वाटायचं, हिला कुणाच्या जागी आणलंय? मेलेल्या माणसाला एक सोय असते, त्याला आपण मेलो हे कुणी सांगत नाही. मला सांगितलं होतं. इतकी वर्षं मी समजत होते की त्या घरात माझं नाव घ्यायचं नाही एवढंच ठरलंय, नाव तिथंच कुठंतरी पडून आहे, माझ्यासाठी, जशी माहेरी लेकीची एखादी पेटी पडून असते. आता घरचे ती पेटी रिकामी करून दुसरीला देणार होते. ती तान्ही पोर चांगुणा झाली की आईची हाक तिला जाईल, आणि मग मी त्या खळ्याच्या कडेला जन्मभर उभी राहिले तरी ती हाक माझी असणार नाही. त्याच दिवसांत लढाई नुकतीच संपली होती आणि पेपरात पूर्वेकडच्या एका अख्ख्या देशाचं नवं नाव रोज छापून येत होतं; शांतवन ते मोठ्यानं वाचायचे, उच्चार घोळवायचे. कोट्यवधी माणसांनी म्हटलं आमचं नाव हे, आणि जगानं मुकाट्यानं तसं म्हणायला सुरुवात केली. मी विचार केला, मी एकटी आहे, पण मागणी तर फार छोटी आहे. बारशाच्या आदल्या दिवशी मी रजा टाकली आणि कापडबाजारातून लाल खणाची कुंची आणली. आत्या कुंचीशिवाय जात नाही.

सकाळच्या गाडीत मला खिडकी मिळाली. जांभळी इरकल नेसले होते, पांढरी साडी मुद्दाम टाळली, कारण पांढऱ्यात मी सिस्टर दिसते आणि मला आज कुणाची सिस्टर व्हायचं नव्हतं. भाळवणीच्या पुढं रान उघडंबोडकं लागतं, खडकाळ, अंगावर काही नसलेलं, आणि यंदा तर जास्तच. हे रान मी वडील गेले तेव्हा शेवटचं पाहिलं होतं. तेव्हा बांधावर उभी राहून परत फिरले होते, कारण पुढं ये असं कुणी म्हणालं नाही. या वेळी मात्र एक विलक्षण उभारी आली. मी मेलेली आहे ना? मग मला आता कुणी काय करणार आहे? वाळीत टाकायचं तर मी आधीच वाळीत आहे, रागवायचं तर मेलेल्या माणसावर कोण रागावतं? फाट्यावर उतरले तेव्हा पाय आपोआप वाटेला लागला, तोच जुना पाय, थंडीत जरा दुखणारा. कुंची मी छातीशी धरली होती.

रंगनाथनं घर नवं बांधलं आहे, पत्र्याचं, ओटा जुनाच. दारात चपलांचा ढीग होता आणि आतून बायकांचा गलका येत होता. उकडलेल्या घुगऱ्यांचा वास आला आणि मी एकदम परकरातली झाले. आत पाळणा टांगलेला होता. त्याच्याखालून वरवंटा फिरवून झाला होता, तो कोपऱ्यात टोपडं घालून पडला होता. पाळण्यापाशी भावजय केशरबाई बाळ घेऊन, आणि तिच्या शेजारी मालनबाई, पदर खोचून, कानाशी वाकायच्या बेतात. पलीकडं भिंतीला टेकून आई. केस सगळे गेलेत, अंग चिपाड झालंय, पण बसण्याची ढब तीच, एक गुडघा वर. तिनं मला पाहिलं. माझ्यात काय ओळखलं कोण जाणे, कारण मी गेले तेव्हा पोर होते आणि आता माझेही केस पिकलेत. पण तिचा हात गुडघ्यावरून खाली घसरला. मागच्या दारातून रंगनाथनं मला पाहिलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

मला भाषण करायचं होतं. गाडीत मी ते घोकलं होतं, त्यात माझ्यावर झालेला अन्याय होता, दीना नावाचा अर्थ होता, आणखी बरंच काही होतं. त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. मी चपला काढल्या, बायकांच्या मधून वाट काढत पाळण्यापर्यंत गेले आणि शांतपणे म्हणाले, "मालन, थांब. जित्या माणसाचं नाव ठेवतेस होय गं?"

सगळा गलका बसला. मालनबाई वाकली होती तशीच राहिली. म्हाताऱ्या बायकांपैकी एकीनं हळूच विचारलं, ही कोण, आणि दुसरीनं तिला कोपरानं ढोसलं. मालनबाई सरळ झाली. ती वाईट बाई नाही. लहानपणी आम्ही एका ताटात जेवलो आहोत. तिचा चेहरा गोरामोरा झाला आणि तिनं करायचं तेच केलं, आईकडं पाहिलं. मग बाकीच्यांनी पाहिलं. जित्या माणसाचं नाव पोरीला ठेवलं तर दोघांपैकी एकाचं आयुष्य तुटतं, असं तिथली प्रत्येक बाई मानत होती. तेव्हा आता कुणीतरी सांगायला हवं होतं, चांगुणा आहे की गेली, आणि ते सांगायचा अधिकार ज्या बाईनं आंघोळ केली होती तिचाच होता. ती नाही म्हणाली असती तर मी कुंची ठेवून परत गेले असते, आणि मग मात्र खरंच मेले असते. हे मला त्या क्षणी स्वच्छ दिसलं.

आई बोलली ती माझ्याकडं न बघता, जमिनीकडं बघून. "मला हाक मारायची हुती," ती म्हणाली. "तुजं नाव घ्यायला मला तोंड न्हवतं. म्हनलं नातीच्या नावानं तरी रोज हाक मारीन. मरायच्या आदी."

एवढं बोलून तिनं भिंतीला हात लावला आणि उठायला लागली. केशरबाई पुढं झाली तर तिला तिनं हातानं बाजूला केलं. उभी राहिली, माझ्यापर्यंत आली, माझ्या तोंडाकडं पाहिलं, आणि बायकांकडं वळून, शेतात माणसं कामाला लावताना बोलायची त्या आवाजात म्हणाली, "जिती हाय माझी चांगुना. दुसरं नाव बगा. आन् आत्या आलीया, तिलाच इचारा."

च दातांवरून सुटला. चांदण्यातला. मी इतकी वर्षं तो कुणाला शिकवू शकले नव्हते.

केशरबाईनं बाळ माझ्या हातात दिलं. मी हजारो बाळं हातात घेतली आहेत, पहिली किंकाळी फोडायच्या आधीपासून, पण कुणाची आत्या म्हणून हे पहिलंच. कुंची घातली. जरा मोठी झाली, डोळ्यांवर आली. मालनबाई बाजूला सरकली आणि कुजबुजली, भटजीनं 'र' सांगितलाय बरं. नाव मी ठरवून आले नव्हते; मी नाव घ्यायला आले होते, द्यायला नाही. पण ते वाकता वाकताच सुचलं. कान एवढासा होता, त्यात दुधाचा वास. राही, मी म्हणाले. कुर्रर्र, राही. गावातल्या बायकांना ते देवाच्या आरतीतलं जुनं नाव वाटलं, त्यांच्या आज्यांचं, आणि त्यांच्या माना डोलल्या. वॉर्डमध्ये झेंडीगेटच्या एका मुसलमान बाईनं मला सांगितलं होतं, आमच्यात राही म्हणजे वाटसरू. आणि शांतवनना मी रात्री सांगेन तेव्हा ते चष्मा वर करून म्हणतील, राहेल, हिब्रूत मेंढी, आणि खूश होतील. ज्याला जे ऐकायचं ते त्यानं ऐकावं. पोर मात्र आमची, सगळ्यांची, आणि तिला कुणाच्या जागी आणलेलं नव्हतं.

आत्यानं नाव सांगितलं की बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. ही रीत आहे. मी वाकलेलीच राहिले आणि वाट पाहिली. माझ्या पाठीला या घरातल्या कुणाचा हात लागला त्याला एक आयुष्य झालं होतं. कुणी हललं नाही. मग एक धपाटा बसला, असा सणसणीत की बाळाला सांभाळावं लागलं. तो मालनबाईचा होता. त्याच्यामागून दुसरा, मग तिसरा, मग ज्यांची नावंही मला ठाऊक नाहीत अशा बायका पुढं झाल्या, हसत, एकमेकींना ढकलत, माझी पाठ बडवू लागल्या. मी रडत होते आणि हसत होते, आणि माझी पाठ आनंदानं जळत होती. शेवटचा हात हलका होता, हाडकुळा. तो पाठीवर पडला आणि उचललाच नाही.

दुपारी मी परतीच्या गाडीला जाणार होते, ती चुकली. रंगनाथनं ती चुकवली असा मला संशय आहे. टांगा सांगतो म्हणून गेला आणि गप्पा मारत बसला. घुगऱ्या वाटून झाल्या, बायका पांगल्या. उन्हं उतरली तेव्हा मी सहज मागच्या अंगाला गेले. खळं तिथंच होतं, कडब्याची गंजी मात्र यंदा लहान. मी तिच्या सावलीत टेकले. आत मुलगी रडायला लागली, कुणीतरी तिला राही म्हणून गप्प केलं, आणि तिनं ते नाव निमूट मान्य केलं. मग ओट्यावर काठीचा आवाज झाला.

"चांगुनेऽऽ."

आवाज पिकला होता, पण शेवटचा सूर तसाच लांबला, ओढ्यापर्यंत गेला. माझ्या ओठांवर ओ आली होती. मी ती धरून ठेवली. इतक्या मोठ्या वयाची, दवाखान्यातली मोठी सिस्टर, मी कडब्याला पाठ लावून गप्प बसले.

"चांगुनेऽऽ. कुटं गेलीस गं?"

अजून एक, मी मनात म्हटलं. एवढी एकच. काठी जवळ येत होती, आणि तिसरी हाक रागावलेली होती, अगदी पहिल्यासारखी, जित्या लेकीवर रागवावं तशी.

"ओ, आई," मी म्हणाले, आणि पाठ पुढं करून उभी राहिले.